लँकेस्टरमधून उडी मारून इतके कमी लोक का वाचले?

लिंकनकर

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं झाली, मी इंग्लंडमध्ये लिंकनला राहतो. गावाबाहेर कॅनविक टेकडीवर गंजाच्या रंगाचा एक उंच पोलादी सुळका आहे. उंची १०२ फूट. लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानाच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत तेवढंच अंतर, म्हणून तेवढा उंच. भोवती पोलादाच्या वळणदार भिंती आहेत आणि त्यांत नावं आरपार कापलेली आहेत. संध्याकाळी सूर्य मागे गेला की अक्षरांतून उजेड येतो. युद्धात मेलेल्यांची ही सुमारे ५८ हजार नावं आहेत, त्यांत खाली सांगतो त्या विमानातल्या माणसांशिवाय जमिनीवर काम करणारेही आले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये साधारण सव्वा लाख माणसं विमानातून मोहिमेवर गेली. त्यांतली ५५,५७३ मेली. शंभरातली चव्वेचाळीस. सरासरी वय बावीसच्या आसपास. सगळे स्वेच्छेने आलेले. ब्रिटिश होते, कॅनडाचे जवळपास दहा हजार गेले, शिवाय ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड असे कुठकुठचे.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. तिथे चालायला जातो आणि नावं वाचत बसतो, एवढाच माझा अभ्यास. पण एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही. लँकेस्टरमध्ये सात जण असायचे आणि प्रत्येकाला पॅराशूट दिलेलं असायचं. तरी विमान पाडलं गेलं की त्या सातांतला सरासरी एकच जिवंत राहायचा. त्याच रात्री, त्याच शहरावर जाणाऱ्या हॅलिफॅक्स या दुसऱ्या बॉम्बफेकी विमानातून मात्र त्याहून बरेच जास्त वाचायचे. असं का?

कोणाला माहीत असेल तर सविस्तर लिहा. विषयाला धरून काहीही चालेल.

गोदाकाठ

धागा वाचतोय. ते सात जण कोण कोण, हे आधी सांगाल का? आमच्यासारख्यांना चित्र डोळ्यांसमोर येईल.

लिंकनकर

@गोदाकाठ, हो, ते राहूनच गेलं. पुढून मागे येऊ. अगदी नाकात पालथा झोपलेला बॉम्ब टाकणारा. त्याच्या वरच्या बाजूला मागे वैमानिक, शेजारी इंजिनांवर लक्ष ठेवणारा फ्लाइट इंजिनिअर. पडद्याआड टेबलावर नकाशे पसरून बसलेला नॅव्हिगेटर, त्याच्यामागे वायरलेसवाला. मग विमानाच्या पाठीवरच्या काचेच्या घुमटात एक तोफची आणि पार शेपटीत, बाकी सहांपासून तुटलेला, दुसरा तोफची. सहा ते आठ तास असेच. सहवैमानिक नाही.

इतिहासवेडा

उत्तम विषय. मूळ प्रश्नाकडे येतोच, पण विमान कसं पाडलं जायचं हे आधी सांगतो, कारण उडी मारायला किती वेळ मिळणार ते त्यावरच ठरायचं.

१९४३ च्या उत्तरार्धात जर्मनांनी रात्रीच्या लढाऊ विमानांच्या पाठीवर वरच्या दिशेने तिरप्या तोफा बसवायला सुरुवात केली. जर्मन वैमानिक अंधारातून बॉम्बफेकी विमानाच्या बरोबर पोटाखाली यायचा, वेग जुळवायचा आणि पंखातल्या पेट्रोलच्या टाकीवर नेम धरायचा. पोटावर धरत नसत, कारण आतले बॉम्ब फुटले तर खालचाही गेलाच. या तोफांच्या गोळ्या अंधारात चमकत नव्हत्या, त्यामुळे मारा कुठून आला ते आजूबाजूच्या विमानांनाही कळायचं नाही. लँकेस्टरचे तोफची मागे बघत, वर बघत. खाली बघायला बहुतेक विमानांत कोणीच नव्हतं.

आणखी एक गोष्ट वाचून मी रात्रभर अस्वस्थ होतो. मोहिमेवरच्या दलांना आकाशात अधूनमधून प्रचंड स्फोट दिसायचे. त्यांचा समज होता की जर्मन लोक नुसते घाबरवायला खास गोळे उडवतात, विमान फुटल्याचा देखावा करणारे. त्या गोळ्यांना त्यांनी 'बुजगावणं' असं नाव ठेवलं होतं. युद्ध संपल्यावर कळलं की जर्मनांकडे असला गोळाच नव्हता. दिसत होती ती त्यांचीच विमानं होती.

मितभाषी

बापरे.

सांख्यिक

आकड्यांचं मी बघतो.

मोहिमेची एक पाळी म्हणजे ३० उड्डाणं. ती पुरी झाली की काही महिने शिकवण्याचं काम आणि नंतर दुसरी पाळी २० ची. आता एका रात्री शंभरातली चार विमानं पडतात असं धरा. ऐकायला चार टक्के काहीच वाटत नाही, पण तीस वेळा तेच करायचं आहे. ०.९६ ला ०.९६ ने तीसदा गुणा. उत्तर ०.२९. म्हणजे दहांतले तीनसुद्धा पाळी पुरी करत नाहीत. पाच टक्के धरलं तर पाचांतला एक. दोन टक्के असेल तर निम्म्याहून थोडे जास्त. वरच्या कार्यालयात चार टक्के हा 'सोसण्याजोगा' आकडा असू शकतो. तीस रात्री ज्याला जायचंय त्याच्यासाठी तो आकडा वेगळाच असतो.

बॉम्बर कमांडची मोहिमेवर गेलेली आठ हजारांहून जास्त विमानं परत आली नाहीत. त्यांत एकट्या लँकेस्टरची तीन हजारांच्या वर. एकूण बांधली होती ७,३७७.

आणि मेलेल्या ५५,५७३ जणांतले आठ हजारांहून अधिक जीव शत्रूच्या आकाशात नाही, तर प्रशिक्षणात आणि अपघातांत गेले. इंग्लंडातल्याच डोंगरावर धुक्यात आपटून, जुन्या विमानांची इंजिनं बंद पडून.

गिरगावकर

सांख्यिकभाऊ, चक्रवाढ शिकवताना गुरुजींनी हे उदाहरण दिलं असतं तर वर्गात एकही पोरगं पेंगलं नसतं.

अवांतर: ब्रिस्टल कंपनीचं एक विमान होतं, त्याचं नावच 'बॉम्बे'. सैनिक नेण्यासाठी आणि बॉम्ब टाकण्यासाठी, दोन्ही कामांसाठी बनवलेलं. ऑगस्ट १९४२ मध्ये इजिप्तमध्ये असंच एक बॉम्बे जर्मनांनी पाडलं, त्यात ब्रिटिश जनरल गॉट गेले. ब्रिटिशांच्या आठव्या सैन्याची सूत्रं त्यांच्याकडे जायची होती, ती मग माँटगोमेरीकडे गेली. आपल्या मुंबईचं नाव असलेल्या विमानाने इतिहासाला एवढं वळण दिलं!

रेवती_क

हा धागा वाचताना मला एकाच बाजूचं वाचल्यासारखं वाटतंय. विमानातल्या मुलांबद्दल वाईट वाटतंच. पण विमानाच्या खाली कोण होतं? फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानंतर कारखान्यांबरोबर शहरांच्या वस्त्याच लक्ष्य होत्या. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गला आगीचं वादळ उठलं, पस्तीस हजारांहून जास्त माणसं मेली, तळघरांत गुदमरून. ड्रेस्डेनला सुमारे पंचवीस हजार. त्यांत किती लेकरं असतील. त्यांच्या नावांची भिंत कुठे आहे? मी काही वर्षं हॅम्बुर्गला नोकरी केली आहे. ओल्सडॉर्फच्या स्मशानात त्या आगीत मेलेल्यांच्या सामूहिक कबरी आहेत, क्रुसासारख्या आखलेल्या. त्यांवर माणसांची नावं नाहीत, कुठल्या वस्तीतले ते लाकडावर कोरलंय.

पिंपळपान

रेवतीताईंना +१. त्यात माझी भर. १९४३ मध्येच बंगालमध्ये लाखो लोक उपासमारीने मेले, तेव्हा हेच साम्राज्य काय करत होतं? त्यांच्या वैमानिकांसाठी आपण मराठीत कशाला हळहळायचं?

लिंकनकर

रेवतीताई, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. लिंकनच्या टेकडीवर त्या सुळक्याजवळच स्मारकाचं केंद्र आहे, तिथेही जमिनीवर मेलेल्यांची बाजू मांडलेली आहे आणि ती मांडल्याशिवाय काही सांगूच नये, असं मलाही वाटतं. हॅम्बुर्गच्या कबरींबद्दल मला माहीत नव्हतं. आता तिथे जाईन.

पिंपळपान, बंगालचा राग माझ्याही मनात आहे. पण एकोणीस वर्षांच्या कॅनेडियन शेतकऱ्याच्या पोराने बंगालचं धान्य अडवलं नव्हतं. धोरण ठरवणारा वेगळा आणि शेपटीतल्या काचेत बसून गोठणारा वेगळा. मला त्या दुसऱ्याबद्दल विचारायचं आहे. पहिल्याला माफ करा असं मी म्हणत नाही.

पिंपळपान

हे पटलं. वाचतो आहे, लिहा.

विमानकाका

भारतीय हवाई दलात तीस वर्षं तंत्रज्ञ होतो, आता चिंचवडला असतो. मूळ प्रश्न यंत्राचा आहे, म्हणून लिहितो.

लँकेस्टर उड्डाणाला अप्रतिम विमान. चार मर्लिन इंजिनं, पोटात तेहतीस फूट लांब सलग बॉम्बकक्ष. पण त्या सलग कक्षामुळेच माणसाची जागा वर दाबली गेली. पंखाचा मुख्य आडवा दांडा विमानाच्या आतून जातो, गुडघ्याच्या वर येईल इतका उंच. पुढून मागे जायचं तर तो ओलांडायचा. जमिनीवर, दिवसाउजेडी, रिकाम्या हाताने तो ओलांडतानाही माणूस अडखळतो. आता त्यात भर घाला: अंधार, धूर, अंगावर जाड कपडे, ऑक्सिजनची नळी, आणि विमान गोल गरगरत खाली चाललंय. गरगरत्या विमानात माणूस भिंतीला चिकटून बसतो, हात उचलता येत नाही.

बाहेर पडायची वाट कोणती? शेपटीतला सोडून सगळ्यांसाठी नाकातलं, विमानाच्या तळातलं एक झाकण. बॉम्ब टाकणारा त्याच्यावरच पालथा असतो. त्याने ते उचलायचं, पहिला बाहेर पडायचं, मग बाकीचे एकामागून एक, शेवटी वैमानिक. शेपटीजवळ बाजूला जे चढायचं दार असतं तिथून उडी मारली तर मागच्या आडव्या पंखावर आपटायची भीती. ते अगदी नाइलाज असेल तरच.

पुढच्या झाकणाची रुंदी २२ इंच. हॅलिफॅक्सची २४.

पॅराशूट बहुतेकांच्या छातीवर. वैमानिक तेवढा आपल्या पॅराशूटवर बसलेला. छातीवर फुगीर गठ्ठा, अंगावर जाकिटं, आणि बावीस इंच. माझं म्हणणं विचाराल तर लिंकनकर, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या दोन इंचांत आहे.

सांख्यिक

काका, दंडवत. याच दोन इंचांवर त्या काळी प्रत्यक्ष हिशेब झाला होता.

फ्रीमन डायसन, पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ झाला तो, १९४३ मध्ये एकोणीस वर्षांचा असताना बॉम्बर कमांडच्या मुख्यालयात आकडेमोडीच्या विभागात कामाला लागला. त्याच्या विभागाने पडलेल्या विमानांतले किती जण युद्धकैदी म्हणून जिवंत निघाले ते मोजलं. अमेरिकन विमानांतून निम्मे, हॅलिफॅक्समधून साधारण पंचवीस टक्के, लँकेस्टरमधून पंधरा. सातांचे पंधरा टक्के म्हणजे एक, तुमचा तोच आकडा. त्याच्या एका सहकाऱ्याने लँकेस्टरचं झाकण रुंद करावं म्हणून कार्यालयात सतत पाठपुरावा केला. ते मंजूर होऊन प्रत्यक्षात येईपर्यंत युद्ध संपत आलं होतं.

आणखी एक. दलांना सांगितलं जायचं की पहिल्या काही मोहिमा निभावल्या की अनुभवाने तुम्ही सुरक्षित होत जाल. डायसनने आकडे तपासले, तर त्या काळात तसं काही दिसेना. नवे आणि जुने सारख्याच प्रमाणात पडत होते. इतिहासवेडा यांनी वर लिहिलेल्या पोटाखालच्या तोफा लक्षात घेतल्या की कारण कळतं. जे दिसतच नाही त्याला अनुभव काय करणार.

इतिहासवेडा

सांख्यिक, एक हरकत. अमेरिकन आकडा या तुलनेत घेऊ नये. ते दिवसा जायचे. उजेडात आत काय चाललंय ते दिसतं, शेजारच्या विमानाचा इशारा मिळतो, विमान बऱ्याचदा हळूहळू निकामी होतं आणि उडी मारायला मिनिटं मिळतात. रात्री पेट्रोलची टाकी पेटली की सेकंदांचा खेळ. म्हणून पन्नास विरुद्ध पंधरा या फरकाचा दोष फक्त झाकणावर टाकता येत नाही.

विमानकाका

@इतिहासवेडा, बरोबर बोललात. अमेरिकन सोडून द्या. पण हॅलिफॅक्स आणि लँकेस्टर दोन्ही रात्रीचीच, दोन्हीत सातच माणसं, त्याच तोफा, तेच आकाश. तिथे पंचवीस आणि पंधरा. हा फरक विमानाच्या आतल्या रचनेचाच आहे. झाकण, दांडा, अरुंद वाट, सगळं मिळून.

अमेरिकन म्हणालात म्हणून आठवलं. युद्धानंतर ब्रिटिश जी अमेरिकन बनावटीची लिबरेटर बॉम्बफेकी विमानं कानपूरला मोडीत टाकून गेले, ती आपल्या लोकांनी उचलून बंगळुरूला दुरुस्त केली आणि १९६८ पर्यंत उडवली. सहा नंबरची स्क्वाड्रन पुण्यात लोहगावला होती, समुद्रावर गस्त घालायची. आमचे एक ज्येष्ठ सहकारी त्या लिबरेटरवर काम केलेले. म्हणायचे, बॉम्बकक्षाचं दार सरकवलं की खाली बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा. त्यातलं एक विमान आज लंडनच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे. लिंकनकर, गेलात तर पोट नक्की बघा.

डॉक्टर_मिरज

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, माझ्या बाजूचं थोडं लिहिते. तीस मोहिमांच्या मध्येच ज्याचं मन मोडायचं, जो म्हणायचा 'आता मला जमणार नाही', त्याच्या कागदावर शेरा पडू शकायचा: 'लॅक ऑफ मॉरल फायबर'. नैतिक कणाच नाही, असा अर्थ. छातीवरचं उड्डाणाचं चिन्ह काढून घेतलं जायचं, हुद्दा जायचा आणि चोवीस तासांच्या आत तळावरून रवानगी, बाकीच्यांना बघून लागण होऊ नये म्हणून. वीस वेळा गेलेल्या मुलावरही हा शेरा पडल्याची उदाहरणं आहेत. आज आपण ज्याला आघातानंतरचा आजार म्हणतो त्याला तेव्हा भित्रेपणा म्हणत. यातले कितीतरी जण आयुष्यभर घरच्यांपाशीही बोलले नाहीत.

मितभाषी

डॉक्टर, या एका परिच्छेदावर वेगळा धागा काढा.

गोदाकाठ

शेपटीतल्याचं काय? त्याला तर पुढच्या झाकणापर्यंत यायचं नव्हतं. तो सहज वाचत असेल ना?

इतिहासवेडा

@गोदाकाठ, दिसायला तसं वाटतं. त्याचा घुमट इतका लहान की पॅराशूट आत मावायचंच नाही. ते मागे, विमानाच्या धडात लटकवलेलं. घुमट सरळ रेषेत आणायचा, पाठीमागची दारं उघडायची, हात घालून पॅराशूट ओढायचं, छातीला अडकवायचं, घुमट पुन्हा आडवा फिरवायचा आणि उलटं बाहेर पडायचं. हे उणे तीस-चाळीस तापमानात, बधिर बोटांनी. घुमट फिरवायचा तो इंजिनावर चालणाऱ्या तेलाच्या दाबाने. ते इंजिन बंद पडलं की हाताने फिरवत बसा. बरेच जण समोरची काच कापून टाकायचे, अंधारात नीट दिसावं म्हणून, म्हणजे थेट वाऱ्यातच बसायचे.

दोन गोष्टी सांगतो. २४ मार्च १९४४ ची रात्र, बर्लिनहून परतताना निकोलस अल्केमेड या शेपटीतल्या तोफचीने मागची दारं उघडली तर त्याचं पॅराशूट जळत होतं. जळून मरण्यापेक्षा पडून मरू म्हणून त्याने तशीच उडी घेतली, अठरा हजार फुटांवरून. पाइनची झाडं, खाली बर्फ. पाय मुरगळला, बाकी जिवंत! जर्मनांचा विश्वासच बसेना. त्यांनी विमानाच्या सांगाड्यात जाऊन जळलेलं पॅराशूट पाहिलं तेव्हा कुठे पटलं.

दुसरी १२ जूनची, त्याच वर्षीची, फ्रान्समधल्या कांब्रेची. कॅनडाच्या लँकेस्टरच्या शेपटीतला घुमट अडकला. पाठीवरचा तोफची अँड्र्यू मायनार्स्की उडी मारायच्या बेतात होता, तो ज्वाळांतून मागे गेला आणि कुऱ्हाडीने, मग हातांनी घुमट हलवायला लागला. कपडे पेटले. मित्राने आतून खूण केली, जा. तेव्हा तो तोंड न फिरवता मागे मागे सरकला, पेटत्या कपड्यांनिशी सलाम केला आणि उडी मारली. भाजल्यामुळे गेला. आणि जो आत अडकला होता, तो विमान आपटल्यावर बाहेर फेकला जाऊन वाचला. हे सगळं जगाला कळलं ते त्याच्यामुळे.

गोदाकाठ

वाचून हात थांबले. धन्यवाद.

पोल्डरवाली

मी नेदरलँड्समध्ये अल्मेरला राहते. जर्मनीला जायचा-यायचा रस्ता आमच्याच डोक्यावरून होता. आमचं गाव ज्या जमिनीवर आहे तो पूर्वी समुद्राचा आत आलेला भाग. पाणी उपसून इथे शेतं केली, आणि पाणी ओसरलं तशी चिखलात रुतलेली विमानं निघायला लागली. फ्लेवोलँडच्या शेतांच्या कडेला अजून ठिकठिकाणी खांब दिसतात, इथे अमुक विमान पडलं असं सांगणारे.

२०२० मध्ये आमच्या शेजारच्या मार्करमेअर सरोवरातून स्टर्लिंग जातीचं एक विमान काढलं. मार्च १९४३ मध्ये बर्लिनहून परतताना पडलेलं, सात जण आत. तळाचा गाळ उपसून चाळणीतून काढला, हाताचं हाड, बटण, काहीही हरवू नये म्हणून. लष्करातले लोक, विमानाचे जाणकार आणि हाडं ओळखणारे असे सगळे एकत्र. सत्त्याहत्तर वर्षांनी! मी माझ्या मुलीला घेऊन काठावर गेले होते. ती विचारत होती की इतक्या वर्षांनी त्यांना का शोधतायत. माझ्या शेजारच्या डच आजोबांनी तिला सांगितलं, 'त्यांच्या घरच्यांनी अजून विचारलं म्हणून.'

स्लाऊकर

पोल्डरवालीताई, जे सापडलेच नाहीत त्यांची जागा आमच्याजवळ आहे. हीथ्रोजवळ रनीमीडला टेकडीवर स्मारक आहे. ज्यांची कबरच नाही अशा वीस हजारांहून जास्त हवाई सैनिकांची नावं तिथल्या दगडी कमानींत, खिडकीच्या कडांसारखी कोरलेली. १९५३ मध्ये राणीने उद्घाटन केलं.

त्यांत एक नाव आपल्या मातीशी नातं सांगणारं आहे. नूर इनायत खान. टिपू सुलतानाच्या वंशातली. हवाई दलाच्या महिला विभागात अधिकारी, जून १९४३ मध्ये रात्री लायसँडर विमानाने फ्रान्समध्ये उतरवलेली गुप्त वायरलेस ऑपरेटर. सप्टेंबर १९४४ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. फलक क्रमांक २४३. मी गेलो की अबोलीचा गजरा नाही मिळत, पण शेवंती ठेवतो.

खडकीचा

आपल्याकडेही आहे हो. खडकीच्या युद्धस्मशानभूमीत पांढऱ्या दगडांच्या रांगांत काही दगडांवर हवाई दलाचा गरुड कोरलेला दिसतो. लहानपणी आम्ही बाहेरच्या रस्त्याने सायकलवर शाळेत जायचो. आत माळी बाबा गुलाब छाटताना एक एक दगड ओल्या फडक्याने पुसायचे. कोणाचे कोण, पण पुसायचे.

इतिहासवेडा

न्यूरेंबर्ग शहरावरच्या मोहिमेचा उल्लेख केला नाही तर धागा अपुरा राहील. ३० मार्च १९४४. स्वच्छ चांदणं, लांबच लांब सरळ मार्ग, थंडीमुळे विमानांमागे पांढऱ्या रेघा उमटलेल्या. ७९५ विमानं निघाली, ९५ परतली नाहीत. पाचशे चाळीसच्या वर माणसं एका रात्रीत मेली. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत लढाऊ विमानांचे जितके लोक चार महिन्यांत गेले, जवळपास तितके.

गिरगावकर

मग सकाळी तळावर काय होत असेल?

लिंकनकर

@गिरगावकर, इथल्या केंद्रात त्याबद्दल बरंच ऐकलं आहे. परत आलेल्यांना गरम चहा, थोडी रम, प्रश्नोत्तरं आणि मग डुकराचं मांस आणि अंडं. तेव्हा इंग्लंडात सामान्य माणसाला आठवड्याला कसंबसं एक अंडं मिळायचं, म्हणून या अंड्याचं फार अप्रूप. निघायच्या आधी पोरं एकमेकांना म्हणायची, 'तू नाही आलास तर तुझं अंडं मी खाऊ का?' हसायची त्यावर.

जे आले नाहीत त्यांच्या खोलीत काही तासांत एक अधिकारी आणि मदतनीस यायचे. कपडे, सायकल, पत्रं यांची यादी करायची. घरी पाठवायच्या आधी पत्रं चाळायची, आईला किंवा बायकोला जखम होईल असं काही असेल तर बाजूला काढायचं. संध्याकाळी त्याच खाटेवर नवीन पोरगं. युद्धानंतर खास शोधपथकांनी युरोपभर गावोगाव फिरून, पाद्री आणि शेतकऱ्यांना विचारून, कबरी उघडून चाळीस हजारांच्या वर बेपत्त्यांतल्या बहुतेकांचा पत्ता लावला. १९४९ पर्यंत ते काम चालू होतं.

आता मूळ प्रश्न. काकांनी बावीस इंच म्हटल्यापासून मला राहवेना. शनिवारी मुलगा विद्यापीठातून घरी आला होता. एकोणीस वर्षांचा, पाच फूट दहा इंच. आमच्या जेवणाच्या दोन खुर्च्यांच्या पाठी समोरासमोर टेपने मोजून बरोबर बावीस इंचांवर बांधल्या. त्याला दोन स्वेटर, त्यावर थंडीचं जाकीट घातलं, दप्तर छातीवर उलटं अडकवलं. दिवे बंद केले. म्हटलं, पलीकडे जा.

पहिल्यांदा दप्तर अडकलं. दुसऱ्यांदा कोपर. तिसऱ्यांदा तो तिरका होऊन गेला, अकरा सेकंदं लागली. खुर्च्या चोवीस इंचांवर सरकवल्या तर पहिल्याच फटक्यात गेला, चार सेकंदं. घर स्थिर होतं, आग नव्हती, मागे कोणी रांगेत नव्हतं. दिवे लावले तेव्हा तो काही बोलला नाही. दप्तर काढलं आणि मला विचारलं, 'बाबा, मागच्या पाच जणांचं काय?'

विमानकाका

लिंकनकर, शास्त्रीय प्रयोग नाही म्हणतील कोणी, पण अकरा आणि चार हे मी लक्षात ठेवीन.

सांख्यिक

अकरा सेकंदं गुणिले सहा. एक मिनिट सहा सेकंदं. पंख पेटल्यावर तेवढा वेळ फार थोड्या विमानांना मिळाला.

सिस्टर_अनघा

गेले चार दिवस हा धागा वाचतेय, लिहू की नको असं चाललं होतं. मी मूळची नगरची, लिंकनशायरमध्ये एका वृद्धाश्रमात नर्स होते. तिथे नव्वदी ओलांडलेल्या एक आजी होत्या. नाव लिहीत नाही. युद्धात त्या तळावर पॅराशूट घडी करण्याच्या खोलीत होत्या. लांबच लांब टेबल, त्यावर रेशीम पसरायचं, दोऱ्या सरळ करायच्या, घडीवर घडी. घेऊन जाणारी मुलं दरवेळी तोच विनोद करायची, 'चाललं नाही तर परत आणून देतो हं.' त्याही दरवेळी हसायच्या.

शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू यायची नाहीत, पण हात चालायचे. जेवणाच्या टेबलावरचे नॅपकिन घ्यायच्या आणि घड्या घालत बसायच्या. तळव्याने हवा काढायची, कड जुळवायची, बोटाने चुणी दाबायची. आम्ही मुद्दाम धुतलेल्या नॅपकिनचा ढीग त्यांच्यापुढे ठेवायचो.

एकदा रात्रपाळीला मी त्यांच्यापाशी बसले होते. त्या म्हणाल्या, माझ्या हातचं एकही न उघडल्याची तक्रार आली नाही. मी म्हटलं, आजी, मग चांगलंच आहे की. तर माझा हात धरून म्हणाल्या, 'अगं, तक्रार करायला ते दारातून बाहेर तर पडायला हवेत ना.'

त्या कोणत्या दाराबद्दल बोलत होत्या, ते मला विमानकाकांचा प्रतिसाद वाचेपर्यंत कळलं नव्हतं.

लिंकनकर

अनघाताई, रविवारी मी टेकडीवर जातोय. आजींचा तळ कोणता ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्या तळावरून गेलेल्यांची नावं शोधून तिथे उभा राहीन.

सिस्टर_अनघा

व्यनि केला आहे. जमलं तर एक घडी घातलेला पांढरा रुमाल घेऊन जा.